न्याहाळकांचे युद्ध आणि मराठीचे पाठभेद

गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थिनीला तिच्या प्रबंधासाठी २००१ सालचे एक ग्रंथपरीक्षण हवे होते. ते एका मराठी वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीत आले होते आणि त्याच्या संकेतस्थळावरही होते, एवढे तिला ठाऊक होते. छापील अंक उमरखेडला कोठून मिळणार? जुनी पाने जतन करणाऱ्या एका परदेशी संग्रहात शोध घेतल्यावर ते पान सापडले. तारीख बरोबर, चित्रही बरोबर. मजकुराच्या जागी मात्र रोमन अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि अधिकचिन्हे यांची भेंडोळी. "सर, ही कोणती भाषा?" असे तिने विचारले. ती मराठीच होती. चोवीस वर्षांपूर्वी ती व्यवस्थित वाचता येत होती आणि आम्ही स्वतः ती वाचली होती. आज ती वाचता येत नाही, याचे कारण त्या वृत्तपत्रात नाही, मराठीतही नाही. ते पुष्कळसे अमेरिकेत दोन कंपन्यांमध्ये झालेल्या एका युद्धात आहे. त्या युद्धाचा मराठीच्या बाजूने लिहिलेला इतिहास आमच्या वाचनात नाही. म्हणून हा प्रयत्न.

महाजालावरील पाने दाखवणाऱ्या आज्ञावलीला आपण सर्रास ब्राउजर म्हणतो. मराठीत तिच्यासाठी 'न्याहाळक' असा एक छान शब्द घडवला गेला. तो फारसा रुळला नाही, पण आम्हाला आवडतो, म्हणून येथे तोच वापरू. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत महाजालाची कल्पना मांडली, तेव्हा तिचे मर्म साधे होते: लिहिणाऱ्याने मजकूर एका ठरलेल्या खुणांच्या भाषेत लिहावा आणि जगातल्या कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही न्याहाळकातून तो वाचता यावा. साहित्याच्या अभ्यासकाला ही कल्पना परिचयाची वाटेल. मूळ संहिता एक, वाचक अनेक. परंतु संहिता एक असली तरी लेखनिक अनेक झाले की काय होते, हेही आपल्याला परिचयाचे आहे. पाठभेद होतात.

१९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मोझॅक हा न्याहाळक तयार झाला आणि महाजाल सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. तो घडवणाऱ्यांपैकी मार्क आंद्रीसेन यांनी नेटस्केप ही कंपनी स्थापण्यात पुढाकार घेतला. डिसेंबर १९९४ मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटर बाजारात आला आणि पाहता पाहता बहुसंख्य लोकांचा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बर्नर्स-ली यांनी महाजालाची मानके ठरवण्यासाठी डब्ल्यूथ्रीसी हे मंडळ उभे केले. ऑगस्ट १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोररची पहिली आवृत्ती आणली. त्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने भारतात इंटरनेटची सार्वजनिक सेवा सुरू केली. म्हणजे आपण या गावात पाऊल टाकले त्याच दिवसांत गावात भांडण पेटले होते.

भांडणाची रीत अशी होती की प्रत्येकाने खुणांच्या भाषेत आपापले शब्द घालायचे. नेटस्केपने अक्षरे उघडझाप करवणारी खूण काढली. एक्स्प्लोररने मजकूर पानावरून सरकवत नेणारी. आपल्याकडील सरकारी आणि महाविद्यालयीन संकेतस्थळांवर 'नवीन सूचना' अशी एक ओळ उजवीकडून डावीकडे धावत असे, कोठे कोठे अजूनही धावते. ती ओळ मूळची त्या युद्धातील एका पक्षाची पताका आहे, हे ती लावणाऱ्यांच्या गावीही नसावे. ऑक्टोबर १९९७ मध्ये एक्स्प्लोररची चौथी आवृत्ती आली, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या मंडळींनी आपले प्रचंड बोधचिन्ह रात्री नेटस्केपच्या अंगणात नेऊन ठेवले आणि नेटस्केपवाल्यांनी सकाळी ते आडवे पाडून त्यावर आपला डायनासोर उभा केला. हा पोरखेळ वाटतो. पण डब्ल्यूथ्रीसीची मानके कागदावर आणि दोन न्याहाळकांची दोन व्याकरणे व्यवहारात, अशी त्या वेळची स्थिती होती. पानाच्या तळाशी 'हे संकेतस्थळ अमुक न्याहाळकातून उत्तम दिसेल' अशी ओळ लिहिण्याची प्रथा तेव्हाची. पोथीच्या शेवटी लेखनिक आपले नाव लिहून वाचकाची क्षमा मागत असे. येथे क्षमा नव्हती, अट होती.

मायक्रोसॉफ्टने आपला न्याहाळक विंडोजबरोबर फुकट आणि बांधूनच दिला. मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने यावरून खटला भरला. जून २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश झाला, पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने तो रद्द केला आणि अखेर तडजोड झाली. तोवर निकाल बाजारानेच लावला होता. ऑगस्ट २००१ मध्ये एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती आली आणि थोड्याच काळात नव्वद टक्क्यांहून अधिक लोक एक्स्प्लोरर वापरू लागले. प्रतिस्पर्धी उरला नाही, तेव्हा सुधारणेची गरजही उरली नाही. सातवी आवृत्ती यायला ऑक्टोबर २००६ उजाडले.

हा झाला सर्वांना ठाऊक असलेला इतिहास. मराठीचा त्याच्याशी संबंध येतो तो अक्षरांच्या खिळ्यांपाशी.

छापील ग्रंथात खिळे छापखान्याचे असतात. सेरामपूरला विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापले गेले, १८३१ मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजींनी पंचांग छापले, पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागरने देवनागरीला डौलदार वळण दिले. प्रत्येकाचे खिळे वेगळे. पण वाचकाला त्याची तोशीस नव्हती, कारण त्याच्या हाती उमटलेला कागद येत असे. महाजालावर कागद येत नाही. तेथे येतात फक्त अंक. कोणत्या अंकासाठी कोणते अक्षर उमटवायचे हे वाचकाच्या यंत्रातील टंक, म्हणजेच फॉन्ट, ठरवतो. जणू पुस्तक वाचायचे तर छापखान्यातील खिळ्यांची पेटीही वाचकाच्या घरी असायला हवी.

मराठी पाने प्रथम आली तेव्हा ही पेटी प्रत्येकाची निराळी होती. वस्तुतः मानक नव्हते असे नाही. भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे मानक भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्येच प्रसिद्ध केले होते आणि त्यामागे पुण्याच्या सी-डॅकचे मोठे काम होते. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरी होती. परंतु न्याहाळकांना ना इस्की कळत होते, ना युनिकोडमधील देवनागरी नीट जोडता येत होती. तेव्हा तोडगा काढला गेला तो असा की रोमन अक्षरांच्या जागीच मराठी आकार बसवायचे. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या टंकांत आपण जे लिहीत होतो ते यंत्राच्या लेखी रोमनच होते. डोळ्यांना फक्त मराठी दिसत होते. प्रत्येक टंकाची जुळणी वेगळी. एकाचा 'क' तो दुसऱ्याचा 'ग'. १९९६ साली अमेरिकेतील मराठी मंडळींनी मायबोली सुरू केली तेव्हापासून वृत्तपत्रे महाजालावर येईपर्यंत वाचकाला पहिली सूचना हीच असे: आधी आमचा टंक उतरवून घ्या.

उमरखेडला २००३ च्या सुमारास आम्ही ज्या सायबर कॅफेत जात असू, तेथील यंत्रांत बाहेरचे काही बसवायला चालक परवानगी देत नसे. विषाणूची भीती. तासाला पैसे मोजून आम्ही पुण्या-मुंबईची वृत्तपत्रे उघडायचो आणि काहींत मराठी दिसे, काहींत रोमन भेंडोळी. ज्यांत मराठी दिसे त्यांनी 'डायनॅमिक फॉन्ट' वापरला होता, म्हणजे पानाबरोबर टंकही आपोआप येत होता. आम्हाला तो चमत्कार वाटला. त्या चमत्काराचेही दोन पक्ष होते, हे नंतर समजले.

पानाबरोबर टंक पाठवण्याची नेटस्केपची रीत बिटस्ट्रीम कंपनीच्या ट्रूडॉक तंत्राची होती. एक्स्प्लोररची रीत मायक्रोसॉफ्टची स्वतःची. दोघांच्या फायली भिन्न आणि एकाची फाईल दुसऱ्याला निरुपयोगी. इंग्रजी संकेतस्थळांना याची फारशी पर्वा नव्हती; टंक मिळाला नाही तर अक्षरांचे वळण बदलेल, मजकूर तोच राहील. आपल्याकडे टंक मिळाला नाही तर मजकूरच नाहीसा होत होता. म्हणून इंग्रजीसाठी जी हौस होती ती मराठीसाठी प्राणवायू ठरली. ज्यांना परवडले त्यांनी दोन्ही फायली ठेवल्या. पण जिंकलेला पक्ष एकच असल्यावर दुसरीची उस्तवार कोण करणार? नेटस्केपचा वारस असलेल्या मोझिलाने ट्रूडॉकचा आधार पुढे चालवला नाही. परिणामी मराठी वाचायचे तर एक्स्प्लोररच हवा, अशी गाठ बसली. ती कोणी कट करून बांधली नव्हती. ज्याने त्याने आपल्या वाचकापर्यंत पोहोचण्याचा जवळचा रस्ता धरला, इतकेच. दक्षिण कोरियातही असेच घडले: तेथे बँकव्यवहाराची सुरक्षा १९९९ नंतर एक्स्प्लोररच्याच एका तंत्रावर उभारली गेली आणि पुढे दीड दशकाहून अधिक काळ त्या देशाला तो न्याहाळक सोडता आला नाही.

विदर्भात राहणाऱ्या मराठीच्या अध्यापकाला येथे महानुभावांची सकळ लिपी आठवल्यावाचून राहत नाही. आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडले तरी वाचता येऊ नयेत म्हणून त्या पंथाने अक्षरांच्या जागा बदलून सांकेतिक लिप्या केल्या. त्यामुळे मराठीचे आद्य गद्य शतकानुशतके पंथाबाहेर अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे प्रभृतींच्या खटपटीने आणि पंथातील महंतांच्या सहकार्याने ते अभ्यासकांपुढे आले. महानुभावांनी हे जाणूनबुजून केले आणि किल्ली सांभाळून ठेवली. आपण मात्र नकळत शेकडो सकळ लिप्या निर्माण केल्या, त्यांत एका दशकाची वृत्तपत्रे लिहिली आणि किल्ल्या कोठे ठेवल्या याची नोंदही केली नाही.

या कोंडीतून वाट निघाली ती दोन बाजूंनी. पहिली बाजू युनिकोडची. त्यात रोमनच्या जागी काही दडवायचे नव्हते. 'क'चा अंक जगभर 'क'चाच. परंतु देवनागरीत अंक साठवणे आणि अक्षर उमटवणे यांत अंतर आहे. 'क्ष' साठवताना तीन घटक असतात: क, हलन्त आणि ष. 'कि'मध्ये वेलांटी साठवली जाते नंतर आणि दिसते आधी. ही जुळणी करणारे यंत्र विंडोज २००० मध्ये आले आणि त्याच्यासोबत मंगल हा टंक. त्याचे आरेखन रघुनाथ कृष्ण जोशी यांचे होते. सुलेखनकार र. कृ. जोशी मराठीतले कवीही होते, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. महाजालावरील मराठी ज्या वळणात आपण वर्षानुवर्षे वाचली ते वळण एका कवीच्या हातचे होते.

पुढे मराठी विकिपीडिया २००३ मध्ये आणि मनोगत हे संकेतस्थळ २००४ मध्ये युनिकोड मराठीत सुरू झाले. बरहा आणि गमभन यांसारख्या साधनांनी घरोघरी टंकलेखन शक्य केले. तरीही विंडोज एक्सपीमध्ये 'जटिल लिप्यांची' सोय मुद्दाम सुरू करावी लागे आणि त्यासाठी मूळ तबकडी मागितली जाई. आमच्या विभागातील यंत्राची ती तबकडी शोधण्यात एक सत्र गेले.

दुसरी बाजू मानकांच्या आग्रहाची. १९९८ मध्ये काही संकेतस्थळकारांनी वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट हा गट उभारून न्याहाळकांनी मानके पाळावीत म्हणून चळवळ केली. २००५ मध्ये त्यांनी 'अ‍ॅसिड २' नावाची कसोटी मांडली: मानके पाळणाऱ्या न्याहाळकात एक हसरा चेहरा दिसे, न पाळणाऱ्यात त्याची चाळण होई. नेटस्केपने मार्च १९९८ मध्ये खुल्या केलेल्या आज्ञावलीतून घडलेला फायरफॉक्स ९ नोव्हेंबर २००४ रोजी आला आणि एक्स्प्लोररची मक्तेदारी ढिली होऊ लागली. येथे आम्हाला एक प्रामाणिक कबुली द्यावी लागेल. फायरफॉक्स मानकांचा कैवारी होता, पण सुरुवातीला मराठीचा नव्हता. पानावरील मजकूर दोन्ही कडांना समान जुळवलेला असला की त्याच्या आरंभीच्या आवृत्त्यांत जोडाक्षरे सुटी होत आणि वेलांट्या भलत्या जागी जात. एक्स्प्लोररमध्ये तेच पान सुरेख दिसे. मानके मोडणारा मराठी नीट दाखवतो आणि मानके पाळणारा तिची मोडतोड करतो, असा पेच होता. त्या काळी आम्ही मित्रांना एक्स्प्लोररचीच शिफारस करत होतो. जून २००८ मध्ये फायरफॉक्सची तिसरी आवृत्ती आली आणि हा दोष गेला. त्यापासून आम्ही एक धडा घेतला: मानकांची भाषा बोलणाऱ्यांच्या ध्यानात आपली लिपी आहेच, असे गृहीत धरू नये. ती कोणी तरी आणून द्यावी लागते.

मानक ठरल्यावरही मराठीचे स्वतःचे काही प्रश्न उरले. 'आचार्यांना' आणि 'दुसऱ्यांना' यांतील फरक कोणताही मराठी मुलगा जाणतो. हिंदीला तो फरक नाही. हा आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येतो आणि दोन्ही मार्गांनी लिहिलेला शब्द डोळ्यांना एकच दिसला तरी शोधयंत्राला दोन वाटू शकतात. इंग्रजी शब्दांसाठी आपण वापरतो तो 'ॲ' स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ मध्ये, आवृत्ती ५.१ मध्ये, आला. तोवर 'अ'वर चंद्र चढवण्याच्या ज्याच्या त्याच्या युक्त्या होत्या. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे प्रमाण ठरवले आणि त्याच महिन्याच्या ६ तारखेला महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमाला व लिपीचे प्रमाणित रूप निर्णयाद्वारे जाहीर केले. त्यात देठाचा श आणि पाकळीचा ल ही मराठीची वळणे मान्य झाली. ती पडद्यावर दिसण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: पानाने आपली भाषा मराठी असल्याचे मानकाप्रमाणे सांगावे, टंकात ही वळणे असावीत आणि न्याहाळकाने दोहोंची सांगड घालावी. आजही अनेक मराठी पानांच्या पोटात भाषा इंग्रजी म्हणून नोंदलेली आढळते. हा दोष परदेशी कंपनीचा नाही, आपला आहे.

आपल्या परंपरेला प्रमाणाचा प्रश्न नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या अशुद्ध झालेल्या प्रती पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली. टिळकांनी देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी डोके झिजवले, सावरकरांनी 'अ'ची बाराखडी सुचवली, साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये लेखनाचे नियम केले. यांतील काही यत्न रुजले, काही नाहीत. प्रमाण कोण ठरवतो, ते कोणाच्या सोयीचे असते आणि ज्याची बोली त्यात बसत नाही त्याचे काय, हे प्रश्न आम्ही वऱ्हाडी आणि मराठवाडी बोलणाऱ्या, पैनगंगेच्या दोन्ही काठांवरून येणाऱ्या मुलांना शिकवताना रोज अनुभवतो. त्यामुळे 'मानक' हा शब्द ऐकून आमच्या मनात केवळ आदर उत्पन्न होत नाही, थोडी शंकाही येते. तरीही महाजालाच्या मानकाबाबत आम्ही एक भेद करू. भाषेचे प्रमाण काय लिहावे हे सांगते. लिपिसंकेतनाचे मानक तुम्ही जे लिहिले ते दुसऱ्याला जसेच्या तसे मिळेल एवढीच हमी देते. वऱ्हाडीत लिहा, झाडीबोलीत लिहा, ते उद्या वाचता यावे. पहिले प्रमाण बोलींना गप्प करू शकते. दुसरे नसेल तर बोलीही जातात आणि प्रमाणभाषाही.

१५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोररला निवृत्त केले. त्याच्या जागी आलेला त्यांचा एज हा न्याहाळक २०२० पासून गूगलच्या क्रोमच्याच पायावर उभा आहे. २००८ मध्ये आलेल्या क्रोमचे आज एवढे प्राबल्य आहे की आमच्या विद्यार्थ्यांना त्याखेरीज दुसरा न्याहाळक असू शकतो हेच पुष्कळदा ठाऊक नसते. दरम्यान एका कार्यालयाचा अर्ज भरताना 'फक्त क्रोम वापरा' अशी सूचना आम्हाला दिसली, तेव्हा वीस वर्षांपूर्वीची पानाच्या तळची ओळ आठवली. नाव तेवढे बदलले होते.

त्या विद्यार्थिनीच्या परीक्षणाचे काय झाले, हे सांगायला हवे. एक टंक-परिवर्तक मिळाला. त्याने निम्मा मजकूर सोडवला. उरलेल्यात जोडाक्षरे चुकली होती. तिने आणि आम्ही दोन दुपारी बसून, हस्तलिखिताचे करतात तसे, संदर्भावरून एकेक शब्द लावला. एका ठिकाणी 'काव्य' की 'कार्य' हे ठरेना. संपूर्ण परिच्छेदाचा अर्थ त्यावर फिरत होता. शेवटी तिने प्रबंधात दोन्ही पाठ दिले आणि तळटीप लिहिली: मूळ संहिता अस्पष्ट. सातशे वर्षांपूर्वीच्या पोथीसंबंधी अशी तळटीप लिहिण्याची आम्हाला सवय आहे. आमच्याच हयातीत, आम्ही स्वतः वाचलेल्या मजकुरासंबंधी ती लिहावी लागेल, असे वाटले नव्हते.

तेव्हा सहकारी अध्यापकांना एवढीच विनंती. विभागाच्या जुन्या यंत्रांत, कपाटातल्या तबकड्यांत २०१० पूर्वीचे अंक, प्रबंध, टिपणे जुन्या टंकांत पडून असतील. ज्यांत ती लिहिली ते टंक अजून कोणाकडे तरी आहेत, आणि त्यांची जुळणी ठाऊक असलेली माणसे अजून आहेत. तोवरच ती युनिकोडमध्ये उतरवून घ्यावीत.